ठोके किती आणि काम किती?

संगणकाच्या दुकानात हल्ली दोन तऱ्हेची यंत्रं शेजारीशेजारी मांडलेली दिसतात. एक कुठल्यातरी कचेरीतून उतरवलेलं, झाडूनपुसून पुन्हा विकायला ठेवलेलं. त्यावर चिठ्ठी असते 'कोअर आय-सेव्हन'. दुसरं कोरं करकरीत, पण त्यावर लिहिलेलं असतं 'कोअर आय-थ्री'. मुलाला गेम खेळायचे असतात, अभ्यासही करायचा असतो आणि वडिलांच्या खिशात कांद्याच्या पट्टीतून उरलेले मोजके पैसे असतात. सात हा आकडा तिनापेक्षा मोठा, शिवाय जुनं यंत्र स्वस्त. मग बोट सहजच साताकडे जातं. हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळल्याशिवाय ते बोट टेकवू नये, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आमचा भाचाही मला एकदा म्हणाला, "मामू, आय-सेव्हन म्हणजे आय-सेव्हनच ना?" तसं नसतं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीच्या एकाच पिढीतली धाकटी-थोरली भावंडं. पिढी बदलली की ही तुलना मोडते. पुढचा आकडा बघावा लागतो. कोअर आय-सेव्हन २६०० हा दुसऱ्या पिढीतला, २०११ सालचा. कोअर आय-थ्री १२१०० हा बाराव्या पिढीतला, २०२२ सालचा. शेवटचे तीन अंक झाकले की पिढी कळते. चौदाव्या पिढीपर्यंत हीच रीत होती.

आता गंमत पाहा. या दोघांतही कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, चारच आहेत. दोघेही एका वेळी कामाचे आठ धागे हाताळतात. जुन्याचा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्‌झ, तर नव्याचा ३.३. कागदावर जुना काकणभर सरसच वाटेल. नवा जोर लावला तर ४.३ पर्यंत जातो आणि जुना ३.८ पर्यंत, हे खरं; पण फरक एवढ्यावर संपत नाही. दोघांनाही सारखंच चांगलं ग्राफिक्स कार्ड जोडून आजचा एखादा जड गेम चालवला, तर नवा आय-थ्री स्पष्टपणे पुढे निघतो. तो कसा?

त्यासाठी खेळ चालताना आत काय होतं ते पाहू. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या मंडळींनी तयार केलेला 'राजी' हा खेळ २०२० साली आला. राजी नावाची मुलगी आपल्या भावाला सोडवायला राक्षसांशी लढते. आपण बटण दाबलं, की राजीनं उडी मारायची. ती किती उंच जाईल, भिंतीला धडकेल का, समोरचा राक्षस कुठे वळेल, त्याचा वार तिला लागला का, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. हिशेब झाला की तो ग्राफिक्स कार्डाला सांगतो, आता असं चित्र काढ. रंग, सावल्या, उजेड ही कार्डाची कामं. असं एक पूर्ण चित्र म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही मुदत चुकली की खेळ अडखळतो.

हे समजायला आमच्या चांदवडच्या बाजार समितीचं आवार पुरेसं आहे. कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत लागलेले असतात. आधी लिलाव, मग भुईकाट्यावर वजन, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी रिकामी. प्रत्येक ट्रॅक्टर ही एक फ्रेम समजा. लिलाव म्हणजे प्रोसेसर आणि भुईकाटा म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पहिल्या गाडीचं वजन चालू असताना दुसरीचा लिलाव पुकारला जातो, तसंच प्रोसेसर पुढच्या फ्रेमचा हिशेब करत असतो तेव्हा कार्ड आधीची रंगवत असतं. लिलाव झपाट्यानं होतो, पण काटा एकच आणि तोही संथ, तर रांग काट्यापाशी लागते. अशा वेळी लिलाव पुकारणारा कितीही चपळ आणला, तरी शेतकरी घरी लवकर पोचत नाही. उलट काटे भरपूर आणि लिलावच रेंगाळतोय, तर काटे रिकामे बसतात. तासाला किती गाड्या मोकळ्या होतील, हे जी कडी सगळ्यांत संथ तीच ठरवते. जुन्या-नव्या प्रोसेसरांची तुलना करताना हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

आता प्रोसेसरच्या वेगाकडे वळू. गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचं माप. पण गाणं ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, की लय तीच ठेवून एका मात्रेत एक अक्षर म्हणता येतं, दोन म्हणता येतात, चौगुनीत चारही म्हणता येतात. प्रोसेसरचं तसंच आहे. ठोके किती, हा अर्धा प्रश्न. एका ठोक्यात काम किती, हा उरलेला अर्धा.

ही गोष्ट आजची नाही. १९९३ साली पेंटियम आला. पुण्यात जन्मलेले विनोद धाम यांचं नाव या चिपशी कायमचं जोडलं गेलं. पेंटियमचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पुढे ते नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी एएमडीनं घेतली आणि तिथे के-सिक्स हा इंटेलच्या स्पर्धेतला प्रोसेसर १९९७ साली बाजारात आला. म्हणजे या शर्यतीच्या दोन्ही बाजूंना आपल्याकडचा एक माणूस उभा होता. तर त्या पहिल्या पेंटियमचा एक नमुना ६६ मेगाहर्ट्‌झचा होता आणि आधीच्या ४८६ जातीतही ६६ मेगाहर्ट्‌झचा नमुना होताच. ठोके सारखेच. पण पेंटियम अनुकूल परिस्थितीत एका ठोक्यात दोन आज्ञा पार पाडू शकत असे. दशांश अपूर्णांकांची आकडेमोडही तो बरीच जलद करी. १९९६ साली 'क्वेक' हा गेम आला, तो अशा आकडेमोडीवरच उभा होता. त्या गेमनं ४८६ वाल्यांना फार रखडवलं. गेमसाठी प्रोसेसर बदलण्याची चर्चा इतकी जुनी आहे.

नंतर कंपन्या ठोक्यांच्याच मागे लागल्या. पेंटियम ४ नोव्हेंबर २००० मध्ये १.४ आणि १.५ गिगाहर्ट्‌झवर सुरू झाला आणि २००४ मध्ये ३.८ पर्यंत पोचला. ४ गिगाहर्ट्‌झचा नमुना जाहीर होऊनही त्याच वर्षी रद्द करावा लागला. ठोके वाढवावेत तशी उष्णता वाढत होती आणि हाती लागणारं काम त्या मानानं वाढत नव्हतं. २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याचा २.४ गिगाहर्ट्‌झचा नमुना गेममध्ये ३.८ च्या पेंटियम ४ ला मागे टाकत असे. बाजारात गिगाहर्ट्‌झ विचारून संगणक घेणाऱ्या लोकांना तो धक्काच होता.

तरीही आकड्याचा मोह सुटला नाही. गिगाहर्ट्‌झ गेले, गाभे आले. २०११ च्या ऑक्टोबरात एएमडीनं आठ गाभ्यांचा एफएक्स ८१५० आणला. त्याच वर्षीचा इंटेलचा आय-फाइव्ह २५०० के चार गाभ्यांचा होता, तरी बहुतेक गेममध्ये तोच सरस ठरला. कारण गेममधली कामं एकमेकांत गुंतलेली असतात. वार लागला की नाही हे ठरल्याशिवाय राक्षस पडेल की नाही हे ठरत नाही. दहा बायकांना बसवलं म्हणून एक पोळी दहापट लवकर भाजून होत नाही. काम वाटता येत नाही तिथे एकेका हाताचा उरक महत्त्वाचा. अर्थात हेही कायमचं सत्य नव्हे. आजचे गेम सहा-आठ गाभ्यांना पुरेल इतकं काम वाटून देऊ लागले आहेत, त्यामुळे जुने दोन गाभ्यांचे प्रोसेसर आता खरोखरच अडतात. पण सोळा गाभे घेतले म्हणून आठ गाभ्यांच्या दुप्पट खेळ पळत नाही.

तिसरी गोष्ट आहे प्रतीक्षेची. प्रोसेसरच्या पोटातच एक लहानशी, अतिशय जलद स्मृती असते, तिला कॅश म्हणतात. रोख पैशाशी तिचा संबंध नाही. स्वयंपाक करताना मोहरी, हळद, तिखट मिसळणाच्या डब्यात हाताशी असतं, तसं हे. हवी ती माहिती तिथे नसेल, तर प्रोसेसरला बाहेरच्या मेमरीकडे, म्हणजे रॅमकडे, माणूस धाडावा लागतो. त्या फेरीत तीन-चारशे ठोके सहज वाया जातात. तेल तापलंय आणि मोहरी आणायला दुकानात जायचंय, असा प्रकार. गेममध्ये हे फार होतं, कारण पुढच्या क्षणी खेळाडू कुठे वळेल आणि कोणती माहिती लागेल हे आधी सांगता येत नाही.

याचं उत्तम उदाहरण एप्रिल २०२२ मधलं. एएमडीचा रायझन ७ ५८०० एक्स आधीपासून होता. त्याच्या कॅशचा मोठा कप्पा ३२ मेगाबाइटचा, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्‌झ. त्याच घडणीच्या ५८०० एक्स थ्रीडी या नमुन्यात कंपनीनं चिपवर माडी चढवावी तशी आणखी कॅश रचली आणि ती ९६ मेगाबाइट केली. कमाल वेग मात्र ४.५ वर उतरवावा लागला. ठोके कमी, गाभे तेवढेच आठ, तरी बऱ्याच गेममध्ये तो मोठ्या भावाच्या पुढे गेला. जिथे एवढी कॅश लागत नाही अशा कामांत मात्र तो किंचित मागे पडला. म्हणजे 'चांगला प्रोसेसर कोणता' या प्रश्नाला 'कशासाठी' हा प्रतिप्रश्न हवाच.

आता आपल्या आय-सेव्हन आणि आय-थ्रीचं कोडं सुटतं. नवा एका ठोक्यात जास्त काम उरकतो, त्याची कॅश ८ ऐवजी १२ मेगाबाइट आहे आणि त्याच्यासोबत येणारी रॅमही पुढच्या पिढीची, जलद असते. शिवाय दरम्यानच्या काळात प्रोसेसरच्या भाषेत नवे शब्द आले. २०१३ च्या पिढीपासून आलेला एव्हीएक्स २ हा आज्ञांचा संच जुन्या २६०० ला येत नाही. काही नवे गेम त्या शब्दांवाचून सुरूच होत नाहीत. विंडोज ११ च्या अधिकृत यादीतही हा जुना प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे स्वस्तात घेतलेलं यंत्र सुरक्षिततेच्या दृष्टीनं पहिल्या दिवसापासूनच उघड्यावर पडण्याची शक्यता असते. आणखी एक, कचेरीतले डबे बहुधा अरुंद असतात. त्यांत मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही आणि आतला वीजपुरवठ्याचा खोका कार्डाचा भार पेलत नाही.

मग जुनं सगळं भंगारात काढायचं का? मुळीच नाही. 'व्हाइस सिटी' २००३ मध्ये संगणकावर आला, तेव्हा त्याला ८०० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम ३ पुरत असे. २०१५ च्या 'जीटीए फाइव्ह'नं किमान अपेक्षा धरली ती २००७ च्या चार गाभ्यांच्या कोअर २ क्वाड क्यू ६६०० ची. मुलगा असेच गेम खेळत असेल, तर घरातला आहे तो प्रोसेसर आणखी काही वर्षं चालेल. प्रश्न येतो तो खेळ बदलल्यावर. 'काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्ह'च्या जागी सप्टेंबर २०२३ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २' आला आणि जुन्या यंत्रांवर बरा चालणारा खेळ एकाएकी जड झाला. यंत्र तेच होतं, अंगावरचं ओझं वाढलं.

खर्च करण्याआधी घरीच एक परीक्षा करता येते, तिला पैसा लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं रेझोल्यूशन आणि सावल्यांची गुणवत्ता कमी करा. सेकंदाला किती फ्रेम येतात हा आकडा बरेचसे गेम पडद्यावर दाखवतात. सेटिंग उतरवल्यावर फ्रेम झपाट्यानं वाढल्या, तर रांग भुईकाट्यापाशी होती. कार्ड अपुरं आहे. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या, तर लिलाव संथ आहे. प्रोसेसर किंवा रॅम अडवते आहे. आणि फ्रेम भरपूर असूनही समोरचा खेळाडू धक्के खात पळताना दिसत असेल, तर दोष बहुतेक इंटरनेटच्या जोडणीचा. तिथे नवा प्रोसेसर काय करणार?

तुलनेचे तक्ते वाचतानाही हाच विवेक हवा. परीक्षक मंडळी सगळ्यांत महागडं कार्ड लावून, रेझोल्यूशन मुद्दाम कमी ठेवून प्रोसेसर तपासतात. त्यांचं बरोबरच आहे, कारण काटे मोकळे ठेवल्याशिवाय लिलावाचा वेग कळत नाही. पण आपल्या घरी मध्यम कार्ड असेल, तर तक्त्यातला मोठा फरक पडद्यावर दिसणारच नाही. सरासरीबरोबर सगळ्यांत संथ फ्रेमांचा आकडाही पाहावा. सरासरी चांगली असूनही ऐन लढाईत खेळ अडखळत असेल, तर ती सरासरी काय कामाची?

नवा प्रोसेसर घ्यायचा ठरला, तर तो एकटा येत नाही, हेही हिशेबात धरा. अनेकदा त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागते. म्हणून आधी लहान उपाय करून पाहावेत. पंख्यातली धूळ काढावी, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात तापलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. रॅमची एकच पट्टी असेल, तर जोडीला दुसरी लावावी. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. त्यानं फ्रेम फारशा वाढणार नाहीत, पण वाट पाहणं कमी होईल.

दुकानात मुलाला सोबत न्यावं. कोणता गेम खेळायचाय, त्याला काय लागतं आणि आपल्या यंत्रात रांग कुठे लागते, ही तीन उत्तरं त्यानं आधी घरी काढून आणावीत. तो ती काढू शकतो, कारण वेळ त्याच्याकडे असतो आणि आवडही. ती उत्तरं हाती असली, की चिठ्ठीवरच्या साताकडे पाहण्याची गरजच उरत नाही.