छाप्यानंतरची वर्षे

फेब्रुवारी १९९६मध्ये मुंबई पोलिसांनी कामाठीपुऱ्यातल्या कुंटणखान्यांवर मोठे छापे घातले. सुटका झालेल्या शेकडो मुलींपैकी जवळपास निम्म्या नेपाळच्या होत्या. त्यांची रवानगी सरकारी निवासगृहांत झाली आणि त्या तिथेच अडकल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला राजी होईना. या मुली एचआयव्ही घेऊन येतील, असे तिथे उघड बोलले जात होते. अखेर काठमांडूच्या स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन १२८ जणींना जुलैमध्ये मायदेशी नेले.

त्यांच्यातल्या काहीजणींनी त्याच वर्षी ‘शक्ती समूह’ स्थापन केला. तस्करीतून सुटलेल्या बायकांनी स्वतः चालवलेल्या या संस्थेची नोंदणी व्हायला २००० साल उजाडले. मोठी अडचण होती नागरिकत्वाच्या दाखल्याची. तो वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर मिळायचा. घरच्यांनी दार लावून घेतलेल्या मुलीने वडिलांची सही आणायची कुठून? दाखला नाही म्हणून नोकरी नाही, बँकेत खाते नाही, तक्रार करायलाही बळ नाही. पुढे २०१३मध्ये याच संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचे चित्र पाहा. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या (‘पिटा’) १७व्या कलमानुसार सुटका झालेल्या स्त्रीला दंडाधिकारी १ ते ३ वर्षांसाठी संरक्षणगृहात ठेवू शकतात. हेतू संरक्षणाचा, पण बाहेर जायला बंदी, फोनला बंदी, घरी कधी जाणार ते दुसरेच कुणी ठरवणार. जुडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२च्या पुस्तकात बरे होण्याचा पहिला टप्पा सुरक्षिततेचा सांगितला. मात्र निर्णय पीडितेच्या हातून काढून घेणारी मदत तिला सावरू शकत नाही, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे मांडले. जिच्या झोपण्या-उठण्यावर वर्षानुवर्षे दुसऱ्याची हुकमत होती, तिला कुलूप म्हणजे पुन्हा कुलूपच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२०मध्ये अशा ३ सज्ञान स्त्रियांना सोडण्याचा आदेश दिला. मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना ठरावीक मुदतीत सोडण्याची प्रक्रिया करा, असे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना बजावले.

सोडले, पण जायचे कुठे? निवासगृहांत बहुधा शिवणकाम, मेंदी, पापड शिकवतात. त्यातून शहरात खोलीचे भाडेही सुटत नाही. घरी कर्ज तसेच असते आणि मुलीला नेणारा दलाल कित्येकदा नात्यातला किंवा शेजारचाच असतो. भीती अशी की रात्र-रात्र झोप नाही, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात मनोविकारतज्ज्ञ नाही. ६ महिन्यांच्या समुपदेशनात हे आटोपत नाही, हे अनुदान ठरवणाऱ्यांनी समजून घ्यायलाच हवे.

त्यातच खटला. साक्षीला बोलावणे येते तेव्हा काहीवेळा वर्षे उलटलेली असतात. तिचे लग्न झालेले असते, सासरी काही ठाऊक नसते, आणि समन्स घेऊन पोलीस गणवेशात दारात उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्येच व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवायला मान्यता दिली आहे. जवळच्या जिल्हा न्यायालयातून ती साक्ष घेता येते. समन्स साध्या वेशातली महिला पोलीस आणू शकते. त्या दिवसाची बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि सोबत येणारी एक ओळखीची कार्यकर्ती यांचा खर्च पुनर्वसनाच्या योजनेत धरा, आणि खटला संपेपर्यंत धरा.