टर्कीचं एक पीस

पॅरिसच्या एर्मेस घराण्याची केली बॅग या आठवड्यात, असं मी कबूल केलं होतं. ती पुढे गेली. गेल्या लेखात एर्मेसच्या रेशमी रुमालांचे चित्रकार सांगताना ‘यांतला एक तर टेक्सासच्या टपालखात्यात पत्रं निवडायचा’ असं एक वाक्य जाता जाता टाकलं आणि वाचकांनी बाकी सगळं सोडून नेमकं तेवढंच उचललं. तो कोण, पॅरिसवाल्यांना सापडला कसा, इतकं नाव झाल्यावर नोकरी का सोडली नाही, अशी विचारणा चहूबाजूंनी झाली. नाशिकच्या एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलंय, रुमालाच्या कडेबद्दल. तो प्रश्न शेवटी घेतो, कारण सगळ्यांत चांगला तोच आहे.

तर कर्मिट ऑलिव्हर. जन्म 1943चा, टेक्सासमधल्या रिफ्युजिओचा. वडील गुरांच्या रँचवर कामाला. ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न विद्यापीठात जॉन बिगर्सच्या हाताखाली तो चित्रकला शिकला. पुढे वेको शहराच्या टपाल कार्यालयात त्याने रात्रपाळीला पत्रं निवडायची नोकरी धरली आणि वर्षानुवर्षं केली. एर्मेसला अमेरिकी मुलखातला विषय घेऊन रुमाल काढायचा होता. डॅलसच्या नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या घराण्यातल्या लॉरेन्स मार्कसने ऑलिव्हरचं नाव सुचवलं. 1984 साली ‘पानी ला शार पॉनी’ आला, त्याचा पहिला रुमाल. एर्मेससाठी रुमाल काढणारा तो पहिला अमेरिकी. सगळे मिळून त्याने पंधराहून अधिक काढले.

नोकरी का सोडली नाही? यात गूढ शोधणारे बरेच आहेत, करुणा शोधणारे त्याहून जास्त. मला दोन्ही दिसत नाही. एकेका चित्राला तो महिनेच्या महिने घ्यायचा, आणि चित्राला महिने देता येतात ते पगाराची तारीख ठरलेली असली की. रेशमावर नाव, हातात टपालाचे गठ्ठे, हा विरोधाभास पत्रकारांना भुरळ घालतो. त्याला स्वतःला तो फारसा जाणवला असेल असं वाटत नाही.

पण ऑलिव्हर मला वेगळ्याच कारणासाठी हवा होता. त्याचा ‘फोन ए फ्लोर द्यु टेक्सास’ हा रुमाल पाहा. टेक्सासचे पशुपक्षी आणि फुलं, गर्दी म्हणावी इतकी, आणि ऐन मधोमध रानटी टर्की. टर्की हा पक्षी चित्रकाराला जितका गोड, तितका छपाईवाल्याला कडू. त्याचं पीस एका रंगाचं नसतंच. लांबून काळपट तपकिरी वाटतं, जवळ गेलं की त्यात तांबं चमकतं, जरा कललं की हिरवट झाक येते, टोकाशी फिकी पट्टी. चित्रकार हे सगळं ओल्या कुंचल्याने एकमेकांत मिसळून टाकतो. त्याचं काम तिथे संपलं. आता हे पीस रेशमावर छापायचंय आणि रेशमावर मिसळणं नावाची गोष्ट नाही. तिथे एका वेळी एकच सपाट रंग पडतो.

आपल्याकडे लग्नपत्रिका ज्या पद्धतीने छापायचे तीच पद्धत, फक्त नव्वद सेंटिमीटरच्या चौकोनात. चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जिथे रंग नको तिथे तिची भोकं बुजवलेली. एका रंगाला एक स्क्रीन. पत्रिकेला दोन स्क्रीन पुरायचे, गणपतीला सोनेरी आणि मजकुराला लाल. एर्मेसच्या रुमालाला पंचवीस-तीस सहज लागतात आणि काही चित्रं चाळीसच्या वर जातात. यातला कुठला कण कुठल्या स्क्रीनवर जायचा हे ठरवणारा माणूस वेगळा असतो. तो कोरक्या. पूर्वी लाकडी ठसे कोरायचे त्यावरून पडलेलं नाव, आता तो कोरत काहीच नाही. पूर्वी पारदर्शक फिल्मवर शाईने रेखायचा, हल्ली संगणकाच्या पाटीवर पेन चालवतो. यंत्राने कामाची जागा बदलली, कामाचा वेळ फारसा वाचवला नाही. साध्या चित्रालाही शेकडो तास जातात.

माझं ठाम मत आहे की रुमालाचा खरा चित्रकार हाच. आता तक्रारीची पत्रं येतील, येऊ देत.

टर्कीच्या पिसाकडेच परत जाऊ. कोरक्यापुढे मूळ चित्र आहे, खऱ्या मापात. त्याला ठरवायचंय की पिसातल्या शंभर छटांपैकी कुठल्या पाच-सहा घ्यायच्या, म्हणजे बाकीच्या पाहणाऱ्याचा डोळा आपणच भरून काढेल. तांब्याची चमक म्हणजे एक स्क्रीन, तिच्याखालची सावली म्हणजे दुसरा. मधली मऊ छटा तो रंगाने देत नाही, केसाएवढ्या रेघांनी देतो. रेघा जवळ आल्या की गडद, विरळ झाल्या की फिकं. पिसाच्या दांड्यापासून कडेपर्यंत त्या रेघा वळतात, आणि वळताना जिथे थांबतात तिथेच दुसऱ्या स्क्रीनच्या रेघा सुरू व्हायला हव्यात. थोडं अंतर राहिलं तर पांढरी फट दिसते. थोड्या एकमेकींवर चढल्या तर तिथे तिसराच मळकट रंग उगवतो.

आणि हे सगळं करताना फक्त टर्कीचा विचार करून भागत नाही. तीस स्क्रीन आख्ख्या रुमालाला मिळून असतात. पिसाच्या हिरव्या झाकेसाठी जो स्क्रीन घेतला, तोच कोपऱ्यातल्या पानालाही वापरता आला तर एक स्क्रीन वाचला. पण इथे मोठी खोच आहे. एर्मेस एकच चित्र एका मोसमात आठ-दहा वेगवेगळ्या रंगमेळांत काढतं. स्क्रीन तेच, त्यांतून घालायचे रंग बदलायचे. हे काम रंगयोजना करणाऱ्यांचं. आज ज्या स्क्रीनमधून हिरवा गेला त्यातून उद्या गुलाबी जाणार. कोरक्याने पीस आणि पान एकाच स्क्रीनवर बसवलं असेल तर ते दोन्ही एकदमच गुलाबी होणार, ती गाठ पुढे कुणाला सोडवता येणार नाही. म्हणजे ‘आज कुठला रंग आहे’ हे पाहून वाटणी करायची नाही, ‘या कणाचं चित्रात काम काय आहे’ हे पाहून करायची. पुढच्या वीस वर्षांत कुणाला या टर्कीची कुठली टूम सुचेल याचा हिशेब आजच करून ठेवायचा. ह्यूगो ग्रिगकारचा ‘ब्रीद द गाला’ हा दोन घोडेलगामांचा रुमाल 1957चा. तो आजही नवनव्या रंगांत निघतो, धुवट फिका काय, नुसत्या रेघांचा काय. त्याची वाटणी पहिल्यांदा ज्याने केली त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

रुमालावर घराण्याचं नाव असतं. चित्रकाराची सहीही बऱ्याचदा चित्रात कुठेतरी असते. आनी फाव्र ही चित्रकर्ती तर आपल्या प्रत्येक रुमालात एक माकड लपवते आणि शौकीन मंडळी ते शोधत बसतात. कोरक्याचं ना नाव, ना माकड. 2011 साली घराण्याने आपल्या कारागिरांवर ‘हार्ट्स अँड क्राफ्ट्स’ नावाचा माहितीपट काढवून घेतला, त्यात ही माणसं बोलताना दिसतात. ते चांगलंच झालं. पण रुमाल गळ्यात बांधणाऱ्यातल्या कितींनी तो पाहिला असेल?

छपाई ल्यों शहराला लागून असलेल्या पिएर-बेनितमध्ये होते. लांबच लांब टेबलं, त्यावर पांढरं रेशमी ट्विल सुरकुती न पडता चिकटवलेलं. चौकट एका रुमालाच्या जागेवर ठेवायची, डिंकाने दाट केलेला रंग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, ओढायचा, चौकट पुढे सरकवायची. टेबलाच्या टोकापर्यंत एक रंग, मग दुसरी चौकट घेऊन पुन्हा पहिल्यापासून. आधी बाह्यरेषा, मग लहान लहान जागा, शेवटी पार्श्वभूमीचा मोठा रंग. छापखान्यातल्या लोकांना सांगायला नको की इथे मुख्य भीती रजिस्ट्रेशनची, म्हणजे प्रत्येक रंग नेमका आपल्या जागी बसण्याची. अठ्ठाविसावा स्क्रीन जरासा हलला की आधीचे सत्तावीस फुकट. नंतर वाफ देऊन रंग पक्का करतात आणि धुऊन डिंक काढतात. धुतल्यावर रेशमाला त्याचा मऊपणा परत मिळतो. तोवर ते पुठ्ठ्यासारखं ताठ असतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण बाह्यरेषेचा विषय निघालाय. चित्राला काळी बाह्यरेषा असली की कोरक्याला आणि छपाईवाल्याला लपायला जागा मिळते. दोन रंग जिथे भेटतात तो सांधा रेषेखाली झाकला जातो. पण 2008 साली या घराण्याने ‘एर्मेस एदितर’ नावाचा एक वेगळाच उद्योग सुरू केला, चित्रकारांची कामं मोजक्या प्रतींत रेशमावर काढायचा. आणि पहिलाच चित्रकार निवडला जोसेफ आल्बर्स! चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन, सगळे सपाट रंगाचे. रेषा नाही, पान नाही, पीस नाही. बघणाऱ्याला वाटेल हे तर सोपं. चार रंग, चार स्क्रीन, मिटलं. पण आल्बर्सची सगळी गंमत दोन रंगांच्या कडा एकमेकींना भिडतात त्या जागीच आहे. तिथे फट पडली की चित्र मेलं, रंगावर रंग चढला तरी मेलं, आणि झाकायला रेषा नाही. सहा चित्रं काढली, प्रत्येकी दोनशे प्रती. टर्कीपेक्षा आल्बर्स अवघड, असं माझं मत झालंय ते यामुळे. 2010 साली पुढची पाळी दानिएल ब्युरेनची आली. त्याच्या छायाचित्रांचे 365 रुमाल निघाले, एकासारखा दुसरा नाही. त्यासाठी स्क्रीन सोडून इंकजेट छपाई करावी लागली. साहजिकच आहे, एका रुमालासाठी स्क्रीनचा संच कोण पाडणार? हे रुमाल सुंदर आहेत, मात्र त्यांत मला कोरक्या दिसत नाही. म्हणून मी ते एकदा पाहतो आणि पुढे सरकतो.

आता नाशिकच्या बाई. त्या लिहितात: ‘माझ्या मुलीला तिच्या सासूबाईंनी असा एक रुमाल दिलाय. त्याची कड हाताने वळलेली आहे, पण ती उलट्या बाजूला न वळवता सुलट्या बाजूला वळवलीय. आमच्या इथे पिकोवाल्याने असं केलं असतं तर मी साडी परत दिली असती. हा नकली तर नाही?’

नाही बाई, उलट ही चांगली खूण आहे. नुसती तेवढ्यावर खात्री धरू नका, कारण नकली करणाऱ्यांनाही डोळे असतात. पण एर्मेसची वळकटी सुलट्या बाजूलाच असते. कड बोटांत धरून गोल वळत न्यायची आणि रेशमी दोऱ्याने टाके असे घालायचे की ते वळकटीच्या पोटात दडतील. दोरा रुमालाच्या रंगाला जुळणारा. एका रुमालाला अर्धा-पाऊण तास. कोपऱ्यावर हात खरा कसाला लागतो, कारण तिथे दोन वळकट्या भेटतात आणि टोक बोथट होऊन चालत नाही. रुमाल गळ्यात बांधला की दिसतात ते कोपरेच, मधली टर्की आत दडून जाते. चित्रकारसुद्धा कोपऱ्यांवर एवढी मेहनत घेतात ती त्यासाठीच.

सुलट्या बाजूला का, याचं मला पटलेलं उत्तर असं. पुढे वळवल्यामुळे चित्राला चौफेर एक उठावदार चौकट मिळते, हे झालं दिसण्यापुरतं. खरी गोष्ट पुढची. वळकटीवर जे दिसतं ती कापडाची मागची बाजू. म्हणजे रंग मागपर्यंत नीट उतरला नसेल तर सगळ्या कडेला फिकट पट्टी दिसणार. सुलट्या बाजूला कड वळवणं म्हणजे छपाईची परीक्षा सगळ्यांसमोर घेणं. स्वस्त छपाई हे करू शकत नाही, म्हणून ती कड मागे लपवते किंवा यंत्राने सपाट शिवते.

साडीचा विषय तुम्ही काढलात म्हणून एवढंच. 2011 साली या घराण्याने मुंबईत हॉर्निमन सर्कलला दुकान उघडलं, त्याच वर्षी मोजक्या साड्याही काढल्या होत्या. मला ती कल्पना फारशी रुचली नाही. त्यांच्या चित्रांना मध्य असतो आणि चार कोपरे असतात. साडीला काठ असतात, पदर असतो आणि निऱ्यांत गडप होणारं अंग असतं. ते गणित वेगळं आहे आणि ते येवल्याला जास्त कळतं.

मुलीला एक सांगा. रुमाल कधी इस्त्रीला दिलात तर कडेवर इस्त्री फिरवू देऊ नका. आपल्याकडच्या इस्त्रीवाल्यांना कड दिसली की ती चापून सपाट करायची सवय असते. वळकटी एकदा चपटी झाली की पुन्हा गोल होत नाही. आतल्या भागावरून उलट्या बाजूने कोमट इस्त्री आणि कडेच्या अलीकडे एक बोट थांबायचं.