क्रोन्स व्याधी : निदान आणि उपचार

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर या वैद्यत्रयीने लहान आतड्याच्या अंतिम भागातील ज्या दाहाचे वर्णन प्रसिद्ध केले, तो क्रोन यांच्या नावाने रूढ झाला. वस्तुतः ग्लासगोचे शस्त्रवैद्य केनेडी डॅल्झिएल यांनी तशाच रुग्णांची हकीकत १९१३ मध्येच नमूद केली होती.

मुखापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही उद्भवणारा हा विकार मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यांनी पसरतो, आणि आतड्याच्या भिंतीची संपूर्ण जाडी व्यापून कोठे मार्ग संकुचित करतो, तर कोठे नाडीव्रण उत्पन्न करतो. अनुवंशिक प्रवृत्ती, आतड्यातील जंतू व बिथरलेली प्रतिकारयंत्रणा यांचा हा संयुक्त परिणाम होय; धूम्रपानाने तो अधिकच उग्र होतो.

आपल्या देशात निदानाची खरी अडचण अशी, की आतड्याचा क्षयही जुलाब, पोटदुखी व वजनातील घट याच लक्षणांनी प्रकट होतो. आणि क्षय असताना दाहशामक स्टेरॉइड दिल्यास तो बळावण्याचे भय असते, म्हणून दुर्बिणीने तपासणी करून व ऊतींचा नमुना पारखूनच उपचाराची दिशा ठरवावी लागते.

स्टेरॉइडने उद्रेक शमतो, परंतु दीर्घकालीन नियंत्रणासाठी अझाथायोप्रिन अथवा १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे योजतात. शस्त्रक्रियेने रोगट भाग काढला, तरी व्याधी पुन्हा उद्भवू शकते. म्हणूनच बरे वाटताच परस्पर औषध थांबवू नये, ही रुग्णांना व त्यांच्या आप्तांना कळकळीची विनंती.