अडगळींतलें घड्याळ

लंडनच्या पेकहॅम भागांतील एका उंच इमारतींत डेल व रॉडनी हे ट्रॉटर बंधु राहत. भलासुरा माल बाजारांत खपविणें हा थोरल्याचा उद्योग, व पुढल्या वर्षीं लक्षाधीश होऊं हें त्याचें पालुपद. बी.बी.सी.च्या 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' या मालिकेंत तें १९८१ पासून चाललें होतें. २९ डिसेंबर १९९६ चा नाताळांतील भाग मात्र २ कोटी ४३ लक्ष लोकांनीं पाहिला, कारण त्यांत तें खरें ठरलें.

त्यांच्या अडगळींत वर्षानुवर्षें एक घड्याळ पडलें होतें. अंडें उकडण्याचा वेळ मोजणारें असावें, एवढीच डेलनें त्याची किंमत केलेली. तें निघालें जॉन हॅरिसनचें! समुद्रावर रेखांश ठरविणारें घड्याळ अठराव्या शतकांत घडविणारा हा कारागीरहि सुताराचाच मुलगा. लिलांवांत ६२ लक्ष पौंड आले. डेलला तर घेरीच आली.

येथें थांबतां आलें असतें. पण लेखक जॉन सलिव्हन डेलला जुन्या, रिकाम्या घरीं एकट्यालाच परत आणतो. श्रीमंतींत त्याला करमत नाहीं. धडपडण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. २००१ सालीं हीं भावंडें पुन्हां पडद्यावर आलीं, तेव्हां संपत्ति गमावून पेकहॅमलाच आलेलीं होतीं.