शत्रूच्या घरचा मुलगा

अक्कलकोटच्या भोसले घराण्याचा मूळपुरुष जन्माने भोसले नव्हता, हे सांगितले की आपले सोलापूरकरही चकित होतात. 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज साताऱ्याकडे निघाले. वाटेत पारदचे पाटील सयाजी लोखंडे आडवे आले, लढाईत पडले. पाटलीणबाईंनी लहानगा राणोजी महाराजांच्या पायांवर घातला. विजयाची खूण म्हणून महाराजांनी त्याचे नाव ठेवले फतेसिंह, त्याला मुलासारखे वाढवले, पुढे अक्कलकोट दिले. 1741 साली त्रिचनापल्ली घेणाऱ्या मराठी फौजेत रघुजी भोसल्यांसोबत हाच फतेसिंह होता.

महाराजांना ही माया कुठून सुचली? मला वाटते, औरंगजेबाच्या छावणीत. पोरक्या शाहूला तिथे बादशहाची मुलगी झीनतुन्निसा हिने जपले होते.