सेवेचे तास आणि भाषेची पदवी

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर ही तिची सर्वांना ठाऊक असलेली चौकट. जिल्हा प्रशासनात असताना अशा अनेक शिबिरांच्या समारोपाला मला पाहुणा म्हणून बोलावले जाई. मुले मनापासून राबत. रस्ता, बंधारा, वृक्षारोपण अशी कामे होत. सातव्या दिवशी प्रमाणपत्रे वाटली जात आणि आठव्या दिवशी महाविद्यालय व गाव यांचा संबंध संपे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘समुदाय सहभाग’ या नावाने दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचवला आहे. हेतू चांगला आहे. पण सेवा हा अभ्यासाबाहेरचा, तासांत मोजता येणारा उपक्रम आहे, हे मूळ गृहीतक त्यातही फारसे बदललेले नाही.

हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी आपल्याच देशातील एक छोटी, काहीशी दुर्लक्षित परंपरा उपयोगी पडेल असे मला वाटते. ती म्हणजे ल्यूथरन पंथाच्या शिक्षणसंस्थांची. जगभरातील ल्यूथरन विद्यापीठे आपली ओळख सांगताना विद्या, सेवा आणि सहजीवन हे तीन शब्द एकत्र उच्चारतात. भारतात या तीन गोष्टी एकत्र नांदल्या का, कुठे नांदल्या आणि आपल्या कायद्याने व नियमांनी त्यांचे काय केले, हा प्रश्न धर्माचा कमी आणि धोरणाचा अधिक आहे.

मार्टिन ल्यूथर हा मुळात विटेनबर्ग विद्यापीठातील प्राध्यापक. १५२२ मध्ये त्याने ‘नव्या करारा’चे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले आणि १५२४ मध्ये जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढणे हे नगराचे कर्तव्य असल्याचे बजावले. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत वाचावा, त्यासाठी प्रत्येकाला वाचता यावे, आणि कोणतेही प्रामाणिक काम ही शेजाऱ्याची सेवाच असते, असा हा विचार होता. तो भारतात आला ९ जुलै १७०६ रोजी. डेन्मार्कच्या राजाने धाडलेले बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्यूचाऊ त्या दिवशी तमिळ किनाऱ्यावरील ट्रांकेबार, म्हणजे आजच्या तरंगमबाडी येथे उतरले. त्सीगेनबाल्ग तमिळ शिकला, त्याने शाळा काढल्या, आणि १७१५ पर्यंत तमिळ ‘नवा करार’ छापून तयार झाला. हेतू धर्मप्रसाराचा होता, यात शंका नाही. मात्र त्या हेतूसाठी त्याला लोकांच्या भाषेचा विद्यार्थी व्हावे लागले.

मराठी वाचकाला या परंपरेचा एक धागा ओळखीचा वाटेल. याच ट्रांकेबार मिशनचा ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा तंजावरच्या सरफोजीराजे भोसले (दुसरे) यांचा पालक आणि शिक्षक होता. १७९८ मध्ये त्याचे निधन झाल्यावर सरफोजींनी फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराकडून त्याचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. राजे स्वतः आपल्या धर्मातच राहिले. पण शाळा, छापखाना आणि ग्रंथसंग्रह यांचे मोल त्यांनी जाणले. त्यांच्या तंजावरात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावळी’ हे मराठी पुस्तक देवनागरी ठशांनी छापले गेले. शिकवणाऱ्याचा हेतू एक असतो आणि शिकणारा त्यातून आपल्याला हवे ते घेतो, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

आंध्रातील गुंटूरला अमेरिकन ल्यूथरन धर्मोपदेशक हायर १८४२ मध्ये पोहोचले. १८८५ मध्ये तेथे मिशनचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे आंध्र ख्रिश्चन महाविद्यालय. एन. टी. रामाराव यांच्यासारखा नट आणि पुढे मुख्यमंत्री झालेला पुरुष त्याचा विद्यार्थी. १८८३ मध्ये आलेल्या डॉ. ॲना कुगलर यांच्या प्रयत्नांतून त्याच शहरात १८९८ मध्ये रुग्णालय उभे राहिले. एकाच मिशनने एकाच गावात वर्ग आणि रुग्णशय्या जवळजवळ बरोबरीने मांडल्या. गुंटूरमध्ये सेवा ही शिबिराच्या रूपात आली नाही. ती कायमची शेजारी म्हणून आली.

माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मात्र रांचीचे आहे. बर्लिनच्या गॉस्नर मिशनचे चार तरुण २ नोव्हेंबर १८४५ रोजी तेथे आले. छोटानागपूरच्या मुंडा आणि उराँव समाजाला तेव्हा जमिनीच्या प्रश्नाने ग्रासले होते. जंगल तोडून ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवले, त्यांच्याच वंशजांकडून जमीनदार आणि ठेकेदार जमिनी हिरावून घेत होते. आदिवासी मिशनकडे वळले त्यात या लढ्यात आधार मिळेल ही आशाही मोठी होती. ती पूर्ण झाली नाही, तेव्हा काहीजण दूरही गेले. चाईबासा येथील जर्मन मिशनच्या शाळेत शिकलेला बिरसा मुंडा हा त्यांतील सर्वांत तेजस्वी. त्याच्या १८९९-१९०० च्या उलगुलानानंतर १९०८ मध्ये छोटानागपूर कुळकायदा झाला.

दरम्यान मिशनऱ्यांनी भाषांचे काम चालू ठेवले होते. नोट्रोट यांचे मुंडारी व्याकरण १८८२ मधले, हान यांचे कुरुख व्याकरण १९०० मधले. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना जावे लागले आणि १९१९ मध्ये गॉस्नर चर्चने स्वतःची स्वायत्तता जाहीर केली. कारभार आदिवासींच्या हाती आला. परक्यांनी सुरू केलेली संस्था स्थानिकांची कशी होते, याचे हे आपल्याकडील लवकरचे उदाहरण आहे.

या चर्चचे गॉस्नर महाविद्यालय रांचीत १९७१ मध्ये स्थापन झाले. संस्थापक प्राचार्य निर्मल मिंझ हे स्वतः उराँव. शिकागो विद्यापीठाचे डॉक्टरेट मिळवून परतलेले. अशा माणसाने इंग्रजी, अर्थशास्त्र, वाणिज्य असे प्रतिष्ठित विषय घेऊन महाविद्यालय चालवले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी आग्रह धरला तो कुरुख, मुंडारी अशा आदिवासी भाषा पदवीच्या वर्गात शिकवण्याचा. घरात बोलायची आणि शाळेच्या दारात सोडून यायची अशी जी भाषा होती, तिच्यात प्रश्नपत्रिका निघावी, निबंध लिहिला जावा, गुण मिळावेत, ही त्यांची मागणी होती. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी रांची विद्यापीठात आदिवासी व प्रादेशिक भाषांचा विभाग उभा राहिला. त्याचे नेतृत्व रामदयाल मुंडा यांनी केले. त्यांचे प्राथमिक शिक्षणही ल्यूथर मिशनच्याच शाळेतले. मात्र ते आदिवासींच्या स्वतंत्र ‘आदिधर्मा’चे पुरस्कर्ते झाले आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरूही. मिंझ यांना कुरुख भाषेतील कार्यासाठी साहित्य अकादमीचा २०१६ चा भाषा सन्मान मिळाला. २०२१ मध्ये ते निवर्तले. एक बिशप आणि एक आदिधर्मी, दोघांचे कार्य भाषेच्या वर्गात एकत्र आले.

भाषेच्या वर्गाला सेवा का म्हणायचे? महसुली खटल्यांच्या सुनावणीत याचे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे. साक्षीदार आपल्या भाषेत बोले. कोणी शिपाई किंवा वकिलाचा कारकून त्याचे हिंदी करी. लेखनिक ते हिंदी कागदावर उतरवी आणि निकाल त्या कागदावर अवलंबून असे. ‘खुंटकट्टी’ हा शब्द घ्या. जंगल साफ करून गाव वसवणाऱ्या मूळ कुळाच्या वंशजांचा सामाईक हक्क असा त्याचा अर्थ. १९०८ च्या कायद्याने मुंडारी खुंटकट्टीला संरक्षण दिले आहे. त्या शब्दामागचे नातेसंबंध, कूळ, गावाची हद्द, ससनदिरी म्हणजे पूर्वजांच्या स्मृतिशिला, हे सारे ज्याला कळत नाही तो दुभाषा साक्षीदाराचा हक्कच भाषांतरात गमावू शकतो. न्यायालयात, दवाखान्यात, पहिलीच्या वर्गात त्या भाषेचा सुशिक्षित जाणकार असणे ही सात दिवसांच्या श्रमदानापेक्षा टिकाऊ सेवा आहे. ती श्रमदानाने होत नाही. तिच्यासाठी व्याकरण, शब्दकोश, शिक्षक आणि परीक्षा लागतात.

२०११ च्या जनगणनेनुसार कुरुख बोलणारे सुमारे २० लाख, हो बोलणारे सुमारे १४ लाख आणि मुंडारी बोलणारे सुमारे ११ लाख आहेत. संथाळीला २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले; या तीन भाषा अजून बाहेर आहेत. झारखंडने त्यांना द्वितीय राजभाषेचा दर्जा दिला आहे. पण राजभाषेचा दर्जा आणि कचेरीत तिचा जाणकार कर्मचारी, यांतील अंतर प्रशासनात वावरलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

येथे कायद्याकडे वळले पाहिजे. घटनेच्या अनुच्छेद ३० ने भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत संस्थांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. शिलाँगला मेघालयाच्या २००५ च्या कायद्याने ल्यूथरचे नाव धारण करणारे एक ख्रिश्चन विद्यापीठ झाले. गुंटूर आणि रांचीची जुनी घराणी मात्र विद्यापीठांच्या संलग्नतेतच वाढली. १९६७ मध्ये अझीझ बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ अल्पसंख्याकांनी ‘स्थापन केले’ असे मानता येत नाही, अशी भूमिका घेतली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ मतांनी ते तत्त्व रद्दबातल ठरवले. या निकालाची चर्चा आपल्याकडे बहुतांशी प्रवेश आणि आरक्षण यांभोवती फिरली. अभ्यासक्रम कोण ठरवतो, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मागे पडला. महाविद्यालयाची स्थापना समाज करतो, खर्चाचा भार उचलतो, पण कोणता विषय पदवीला चालेल हे दुसरीकडे ठरते. मिंझ यांना आग्रह धरावा लागला तो याच कारणाने.

नवे शैक्षणिक धोरण संलग्नतेची ही पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून महाविद्यालयांना पदवी देणारी स्वायत्त संस्था होण्याची वाट मोकळी करू पाहते. अशा संस्थांना ही मोठी संधी आहे. त्याच धोरणात उच्च शिक्षणसंस्थांनी बहुशाखीय व्हावे आणि तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थिसंख्येचे लक्ष्य ठेवावे, अशीही अपेक्षा आहे. येथे धोका आहे. विद्यार्थिसंख्येच्या तराजूत खरिया भाषेचा वर्ग नेहमीच हलका ठरणार, आणि प्राध्यापक निवृत्त झाला की ते पद गोठवणे हा हिशेबनिसाचा सर्वांत सोपा उपाय असणार.

या संस्था आदर्श आहेत असा दावा मी करणार नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या व्यवस्थापनातील भांडणे आणि मालमत्तेचे वाद मी फायलींतून पाहिले आहेत. झारखंडात सरना आणि ख्रिश्चन आदिवासींमध्ये दुरावा आहे, आणि राजकारण त्याला खतपाणी घालते. परंतु भाषा दोघांचीही आहे. सार्वजनिक निधी धर्मसंस्थेला का द्यावा, या रास्त प्रश्नाचे उत्तरही तेथेच सापडते: निधी भाषेच्या पदाला द्यावा, मग ते पद कोणाच्याही आवारात असो.

करण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. लुप्त होऊ शकणाऱ्या भाषांच्या अध्यापकपदांना विद्यार्थिसंख्येच्या निकषातून सूट मिळावी. समुदाय सहभागाचे श्रेयांक शब्दसंग्रह, मौखिक इतिहास, न्यायालयीन व आरोग्यविषयक दुभाषाचे काम यांसाठीही मिळावेत. आणि द्वितीय राजभाषा ठरलेल्या भाषेची पदवी तालुका कचेरी, प्राथमिक शाळा व सरकारी दवाखाना येथील भरतीत ग्राह्य धरली जावी. तिसरी गोष्ट झाली नाही तर पहिल्या दोन टिकणार नाहीत. ज्या पदवीला नोकरी नाही ती घेण्यास गरीब घरातील मुलाला आपण कोणत्या तोंडाने सांगणार? यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य सरकारच्या भरती नियमांत एका ओळीची दुरुस्ती पुरते.