फॉलोअर्स भाड्याचे, ईमेल यादी हक्काची : लोक आपणहून ईमेल देतील असं साइन-अप पेज कसं बनवायचं?

डिसेंबर २००७. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं वारं सुटलेलं. डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळावी म्हणून बराक ओबामा मैदानात उतरले होते, पण पक्षातच त्यांच्यासमोर हिलरी क्लिंटन यांचं तगडं आव्हान होतं. ओबामांच्या टीमची मोठी भिस्त इंटरनेटवर होती. त्यांची वेबसाइट उघडली की सगळ्यात आधी एक पान समोर यायचं. त्यावर ओबामांचा फोटो, ईमेल लिहायला जागा आणि खाली बटण : 'साइन अप'.

येणाऱ्या दर १०० जणांपैकी साधारण ८ जण ईमेल द्यायचे. उरलेले ९२ पान बघून पुढे निघून जायचे.

मग टीमने त्या पानावर एक प्रयोग केला. पुढे त्यातून अंदाजे २८ लाख ८० हजार जास्तीचे ईमेल मिळाले आणि त्यांच्यामार्फत जवळपास ६ कोटी डॉलरची जास्तीची देणगी आली, असा हिशेब मांडला गेला. नवी घोषणा नाही, नवी जाहिरात नाही. बदललं काय, तर एक फोटो आणि बटणावरचे शब्द.

हा प्रयोग नेमका काय होता आणि इन्स्टा पेज, यूट्यूब चॅनल किंवा घरगुती धंदा चालवणाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचं, तेच बघू.

पण रील्सच्या जमान्यात ईमेल कशाला?

पहिला प्रश्न हाच पडतो. आपले लोक तर इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपवर. ईमेल बघतंय कोण?

याचं उत्तर २९ जून २०२० या तारखेत आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. राज्यातल्या गावागावांत टिकटॉकवर नाव कमावलेली पोरं-पोरी होती. त्यांचे फॉलोअर्स एका फटक्यात हातचे गेले. माणसं इथंच होती, पण त्यांच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता बंद झाला. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी साधारण सहा तास बंद पडलं, तेव्हाही तोच प्रकार.

विषय असा आहे की फॉलोअर्स म्हणजे भाड्याचं दुकान. जागा मालकाची, नियम मालकाचे. अल्गोरिदम बदलला की तुमची पोस्ट किती जणांना दिसणार हेही मालकच ठरवणार. ईमेलची यादी मात्र तुमची वही असते. उद्या ईमेल पाठवणारी कंपनी बदलली तरी ती वही उचलून दुसरीकडे नेता येते.

आणि या वहीत नाव चढतं कुठे? तर साइन-अप पेजवर.

ओबामांच्या टीमने नेमकं केलं काय?

गुगल सोडून ओबामांच्या प्रचारात आलेला डॅन सिरोकर नावाचा तरुण या कामाच्या मागे होता. कुठलं डिझाइन चांगलं यावर मीटिंगमध्ये वाद घालण्यापेक्षा येणाऱ्या लोकांनाच ठरवू द्या, असा त्याचा विचार होता.

बटणासाठी चार पर्याय निवडले : 'साइन अप', 'साइन अप नाऊ', 'जॉइन अस नाऊ' आणि 'लर्न मोअर'. वरच्या जागेसाठी सहा पर्याय : तीन फोटो आणि तीन व्हिडिओ. चार गुणिले सहा, म्हणजे एकूण २४ जोड्या. साइटवर येणाऱ्या माणसाला यातली कुठलीही एक जोडी दिसायची आणि कुठल्या जोडीवर किती जण ईमेल देतात याची मोजणी व्हायची. एकूण ३,१०,३८२ लोकांवर हा प्रयोग झाला. म्हणजे प्रत्येक जोडी साधारण १३,००० जणांनी बघितली.

यालाच टेस्टिंग म्हणतात. दोनच पर्याय असतील तर ए/बी टेस्टिंग. १०० पैकी किती जणांनी हवी ती गोष्ट केली, तो आकडा म्हणजे कन्व्हर्जन रेट.

प्रयोगाआधी टीमला एक व्हिडिओ फार आवडला होता. तोच जिंकणार असं अनेकांना वाटत होतं. निकाल लागला तेव्हा तिन्ही व्हिडिओ तिन्ही फोटोंच्या मागे पडले होते. जिंकला तो ओबामांचा पत्नी आणि दोन मुलींसोबतचा घरगुती फोटो. बटणांमध्ये जिंकलं 'लर्न मोअर', म्हणजे 'अधिक जाणून घ्या'.

जुन्या पानाचा दर होता ८.२६ टक्के. नव्या जोडीचा दर ११.६ टक्के. फरक तीन-साडेतीन टक्क्यांचाच दिसतो, पण हिशेब करा : हजार लोकांमागे ८३ ऐवजी ११६ ईमेल. म्हणजे तेवढ्याच गर्दीतून ४० टक्क्यांहून जास्त वाढ. पूर्ण प्रचारात या पानावरून सुमारे १ कोटी लोकांनी नोंदणी केली. जुनं पान तसंच ठेवलं असतं तर हा आकडा ७१ लाखांच्या आसपास राहिला असता, असं सिरोकरचं गणित आहे. तो अंदाज आहे, कारण जुनं पान ठेवून तीच निवडणूक पुन्हा लढवून बघता येत नाही. पण प्रयोगातले आकडे मोजलेले आहेत.

'लर्न मोअर' का जिंकलं असेल?

कुठलं बटण जास्त चाललं एवढंच आकडे सांगतात, का चाललं ते सांगत नाहीत. पण अंदाज बांधता येतो. 'नाव नोंदवा' यात काम वाचणाऱ्याने करायचं असतं. 'अधिक जाणून घ्या' यात त्याला काहीतरी मिळणार असतं. अनोळखी दुकानात शिरल्या शिरल्या कुणी वही पुढे करून 'सही करा' म्हणालं तर आपण मागे सरतो. 'या, बघा तरी' म्हणालं तर दोन मिनिटं थांबतो.

म्हणून उद्या आपल्या पानावर डोळे झाकून 'अधिक जाणून घ्या' चिकटवू नका. तो त्या पानाचा, त्या लोकांचा निकाल होता. आपण घ्यायचं ते तत्त्व : बटणावर आपल्याला काय हवंय ते लिहू नका, समोरच्याला काय मिळणार ते लिहा.

आता आपल्या पानाचं बघू

समजा, तुमचं ट्रेकिंगचं पेज आहे. बायोमध्ये साइन-अपची लिंक आहे. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : 'आमच्या न्यूजलेटरला सबस्क्राइब करा'. खाली नाव, आडनाव, मोबाइल, शहर, ईमेल अशा पाच रकाने आणि शेवटी 'सबमिट'. अशा पानावर लोक का थांबत नाहीत, ते एकेक करून बघू.

१. न्यूजलेटर कुणालाच नको असतं. लोकांना त्यातलं काहीतरी हवं असतं. त्यामुळे मथळ्यात वचन द्या आणि ते नेमकं द्या. 'दर गुरुवारी एक किल्ला : पोहोचायचं कसं, शेवटची एसटी किती वाजता, पाणी कुठे मिळतं.' हे वाचून शनिवार-रविवारचा बेत आखणारा माणूस थांबेल. ज्याला ट्रेकिंगमध्ये रस नाही तो जाईल, आणि त्याने जाणंच बरं.

२. एक पान, एक काम. साइन-अप पेजवर इन्स्टा, यूट्यूब, टेलिग्राम सगळ्यांची चिन्हं लावली तर माणूस तिकडेच निघून जातो. वर मेन्यू नको, बाजूला जाहिराती नकोत. पानावर दाबण्यासारखी गोष्ट एकच असावी.

३. जे लागणार नाही ते मागू नका. ईमेल पाठवायला ईमेल लागतो. मोबाइल नंबर मागितला की 'आता हे फोन करत बसणार' हा विचार आधी येतो. प्रत्येक जास्तीचा रकाना म्हणजे माघारी फिरायला दिलेलं एक कारण.

४. बटणावर 'सबमिट' नको. 'सबमिट' वाचलं की सरकारी फॉर्म आठवतो. त्याऐवजी 'पहिला किल्ला पाठवा' लिहा. बटणाचा रंग लाल असावा की हिरवा यावर तास घालवू नका, पार्श्वभूमीवर ते उठून दिसतंय का तेवढं बघा.

५. नमुना दाखवा. आधीचा एखादा अंक तिथंच वाचायला ठेवा. घेण्याआधी चव बघायला मिळाली की विश्वास बसतो. वाचकांच्या प्रतिक्रिया टाकायच्या असतील तर खऱ्या टाका आणि त्यांना विचारून टाका.

६. बटणाखाली एक ओळ. 'आठवड्याला एकच ईमेल. नको वाटलं तर एका क्लिकवर बंद.' ईमेल देताना मनात येणारी भीती नेमकी हीच असते, तिचं उत्तर तिथंच देऊन टाका.

७. पान मोबाइलवर तपासा. तुमचा वाचक इन्स्टावरून येणार, त्यामुळे पान बहुतेकदा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडणार. तिथं उघडून बघा. आणखी एक अडचण मराठी वाचकांची : फोनवर मराठी कीबोर्ड चालू असतो आणि ईमेल इंग्रजीत टाइप करायचा असतो. फॉर्म बनवताना त्या रकान्याचा प्रकार 'ईमेल' असा निवडला, तर बहुतेक फोन ईमेलच्या @ चिन्हासह सोयीचा कीबोर्ड पुढे करतात. छोटं काम आहे, पण वैताग वाचतो.

आणि हो, पान उघडताक्षणी अख्खा स्क्रीन झाकणारा पॉप-अप टाकू नका. माणसाने अजून काही वाचलेलंही नसतं. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या अशा पानांना गुगलने जानेवारी २०१७ पासून सर्चमध्ये मागे ढकलायला सुरुवात केली.

तुमच्याकडे तीन लाख लोक नाहीत, मग टेस्ट कशी करायची?

ओबामांच्या प्रत्येक जोडीला १३,००० बघणारे मिळाले. तुमच्या पानावर महिन्याला २०० लोक येत असतील आणि १०० जणांना एक बटण, १०० जणांना दुसरं दाखवलं, तर ८ विरुद्ध १२ असा निकाल लागेल. 'दुसरं बटण दीडपट भारी' असं वाटेल, पण एवढ्या छोट्या आकड्यांत हा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो.

गर्दी कमी असेल तर वेगळा मार्ग घ्या. तुमचं पेज न बघितलेल्या पाच जणांना साइन-अप पेज पाच सेकंद दाखवा, फोन परत घ्या आणि विचारा : 'इथं काय मिळणार होतं? ते मिळवायला काय करायचं होतं?' उत्तरं अडखळली तर पान बदला. यात शंभर लोकही लागत नाहीत.

फसवून घेतलेला ईमेल कामाचा नसतो

आकडा वाढवायचे सोपे मार्गही आहेत. चौकटीत आधीच टिक करून ठेवायची. नकाराच्या बटणावर 'नको, मला अडाणीच राहायचंय' असं लिहायचं. दुसऱ्याला टोचून होकार मिळवण्याच्या या प्रकाराला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या डिझाइनचे जे १३ प्रकार जाहीर केले, त्यात याचा समावेश आहे.

संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीची व्याख्या कडक आहे. ती मोकळेपणाने, कशासाठी ते समजून आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. दिली तितक्याच सहज ती मागेही घेता आली पाहिजे. आधीच केलेली टिक या कसोटीवर टिकणं अवघड.

कायदा बाजूला ठेवला तरी यात धंद्याचंच नुकसान आहे. गंडवून यादीत आणलेला माणूस तुमचा ईमेल आला की 'स्पॅम'चं बटण दाबतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम घातलेत : एका क्लिकवर बाहेर पडायची सोय द्या आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नका. म्हणजे हजारांत तीन तक्रारींवरही गाडी अडू शकते. यादी छोटी असली तरी तक्रारी वाढल्या की तुमचे ईमेल स्पॅममध्ये जायला लागतात. मग ज्यांनी मनापासून नाव दिलं होतं, त्यांच्यापर्यंतही तुम्ही पोहोचत नाही.

म्हणून ईमेल दिल्यावर एक खात्रीचा ईमेल पाठवा आणि त्यातली लिंक दाबल्यावरच नाव पक्कं करा. काही लोक इथं गळतील, पण चुकीचे पत्ते आणि दुसऱ्याने टाकलेली नावंही गळतील. त्यानंतरच्या 'धन्यवाद' पानावर नुसतं धन्यवाद म्हणून सोडू नका. 'इनबॉक्समध्ये दिसला नाही तर प्रमोशन्स किंवा स्पॅममध्ये बघा' हे सांगा. आणि कबूल केलेला पहिला किल्ला लगेच पाठवा, गुरुवारची वाट बघायला लावू नका.

थोडक्यात सांगायचं तर

साइन-अप पेज म्हणजे एक छोटा सौदा. समोरचा आपल्या इनबॉक्सची किल्ली देतो, आपण एक वचन देतो. वचन नेमकं असेल, मागणं कमी असेल आणि बाहेर पडायचं दार उघडं असेल तर लोक ईमेल देतात. म्हणून किती जण आले हा आकडा जरूर बघा, पण त्याच्या शेजारी तीन महिन्यांनी किती जण अजून ईमेल उघडतायत हा आकडाही मांडा. उद्या एखादं ॲप बंद पडलं, तर तुमच्यासोबत उरणारे लोक तेवढेच.